साखराबाईचा निरंकार

आमच्या गल्लीत मला लई मान होता. कशाचा, तर उपाशी राहायचा.

लातूरला ट्यूशनच्या भागात प्रमोदिनीकाकूंचं घर हाय. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, पुढच्या भागात एकट्याच राहतात. मागं ओळीनं चार खोल्या. चारी खोल्यांत चार आया, हरेकीचं एक लेकरू शिकायला, अन् हरेकीचा नवरा गावाकडं. लेकरानं डॉक्टर व्हायचं अन् आईनं त्याच्यापायी संसार दोन जागी मांडायचा, अशी आता रीतच पडली हाय. मी साखराबाई, देगलूरकडली. माझी तनुजा बारावीला. शेजारच्या खोलीत बिलोलीची नीलाबाई. तिचा मालक मास्तर, म्हंजे पाऊस पडो न पडो, पगार येनारच.

आमच्याकडं पगार न्हाई, जमीन हाय. आमचे मालक व्यंकटराव गावातून निघाले की लोक रामराम घालतात. पन रामरामाची भाकर होत न्हाई. त्या साली सोयाबीन उभ्या जागी कुजलं. जे हाती आलं ते तनुजाच्या क्लासात अन् ह्या खोलीच्या डिपॉझिटात गेलं. मालक ज्वारीचं पोतं एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करून पाठवायचे, मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचे. दिवाळीपर्यंत पोतं आलं. मग अर्धं पोतं आलं. मग नुसती पिशवी येऊ लागली. फोनवर ते विचारायचे, "पुरतंय का गं?" अन् मी म्हनायचे, "पुरून उरतंय." ते तिकडं काय खाऊन राहिले हे मी कधी विचारलं न्हाई, कारन त्यांनी बी असंच काहीतरी सांगितलं असतं.

आता तुमी म्हनाल, बाई, सांगायचं की शेजारपाजाऱ्याला. तेवढंच तर मला येत न्हाई.

माझं माहेर औशाकडचं. भूकंपात घर बसलं तवा मी परकर नेसनारी पोर होते. माझे दादा, म्हंजे वडील, खळ्यावर बसून गावाला सुपानं धान्य घालनारे. ते मदतीच्या ट्रकपुढं रांगेत उभे राहिले, तोंडावर उपरनं घेऊन. ट्रकवरच्या बाईनं मला एक फ्रॉक दिला. गुलाबी, झालरीचा, पुन्यामुंबईच्या कुन्या पोरीचा असेल. मला तो लई आवडला अन् मी हसले. रांगेतून बाहेर आल्यावर दादा म्हनले, "घ्यायचं तर घे, पन हसू नको." तो फ्रॉक मी फाटेस्तवर घातला, अन् घातला तितक्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तवापासून कुनी काही फुकट देऊ लागलं की माझं तोंड आपोआप वाकडं होतं. लोकं म्हनतात, साखराबाई लई ताठ. ताठ कशाची, माझी मान तेवढी आखडलेली हाय.

तर उपासाचं कसं झालं ते सांगते. ह्याला कारन नीलाबाईची ताटली.

नीलाबाई मनानं मोकळी. काही गोडधोड केलं की ताटली भरून आनून देनार. आता आपल्यात रिकामी ताटली कोन परत देतं? पहिल्या वेळी मी गावाकडचे शेंगदाने भरून दिले. दुसऱ्या वेळी गुळाचा खडा ठेवला. तिसऱ्या वेळी घरात होती ती साखर झाडून ताटलीत घातली अन् तनुजाला दोन दिवस बिनसाखरेचा चहा पाजला. तिला म्हनलं, "साखरेनं झोप येती, अभ्यास होत न्हाई." चौथ्या वेळी धपाटे आले. ते तनुजानं खाल्ले, अन् ताटली आमच्याकडं पडून राहिली. घासून पुसून कोनाड्यात ठेवलेली. तिच्यात घालायला काही न्हाई, अन् रिकामी न्यायला पाय उचलत न्हाई. शेवटी नीलाबाईच दारात आली, म्हनली, "साखराबाई, माझी ताटली दिसली का हो?" जशी काही मी चोरली. मला वाटलं धरनीनं पोटात घ्यावं. नाकापेक्षा मोती जड म्हनतात ते हेच. ती बिचारी खाऊ घालायची, अन् मला तिच्या धपाट्याचं भ्या वाटू लागलं.

पुढल्या सोमवारी तिनं थालीपीठ आनलं तवा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, माझा आज उपास हाय."

"मग साबुदाना करते की," नीलाबाई म्हनली.

"निरंकार असतो माझा," मी म्हनलं. निरंकार म्हंजे सबंध दिवस पान्याशिवाय काही घ्यायचं न्हाई. साबुदाना न्हाई, केळ न्हाई, भगर न्हाई. म्हंजे ताटली यायचा रस्ताच बंद. नीलाबाईनं तिथंच हात जोडले, अन् मला मनातून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकदा तोंड उघडलं की मग काय. सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजापूरच्या आईचा, गुरुवार दत्ताचा. माहूरगडावर दत्ताला बोलले हाय म्हनून ठोकून दिलं. चतुर्थी, एकादशी त्या आनखी वरून. तेहतीस कोटी देव, एखादा तरी रोज कामाला यायचाच. पीठ वाचायचं, ते तनुजाला व्हायचं, अन् वर मान मिळायचा. रात्रीला एखादी भाकर तिच्यासोबत बसून खायची, उपास सुटला म्हनून. घरात नाही दाना अन् मला बाजीराव म्हना, ही म्हन दुसऱ्या कुनासाठी केली असेल असं मला आजवर वाटत होतं.

काकूंच्या कानावर गेलं. शिकलेल्या बाई, एवढी पुस्तकं वाचनाऱ्या, पन त्याही भुलल्या. गल्लीतल्या बायांना सांगू लागल्या, "आमच्या साखराबाईंसारखी निष्ठा हल्ली बघायला मिळत नाही." नळाला पानी आलं की बाया मला पहिला नंबर देऊ लागल्या. परीक्षेआधी पोरं पाया पडायला येऊ लागली. माझ्या पाया. मी डोक्यावर हात ठेवायचे अन् पोटात कावळे कोकलायचे.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी काकूंनी उद्यापन केलं. सवाशनी जेवायला सांगितल्या, मला पन सांगितलं. मी मनात म्हनलं, आज देवाघरचं बोलावनं हाय, ह्याला ताटली न्हाई अन् परतफेड न्हाई, आज पोटभर जेवायचं. काकूंच्या घरात पाऊल ठेवलं तर पुरनाचा, तुपाचा वास. पाटावर बसनार तेवढ्यात नीलाबाई म्हनली, "अहो काकू, साखराबाईंचा गुरुवार निरंकार असतो की."

"अगंबाई, माझ्या लक्षातच राहिलं नाही," काकू म्हनल्या. "नाही, नाही, माझ्यासाठी तुमचा नेम मोडायचा नाही. तुमची मी नुसती ओटी भरते. आणि एक करा, तुमच्या हातानं वाढा सगळ्यांना. तेवढंच पुण्य माझ्या घराला."

मग काय करता? पदर खोचला अन् वाढलं. पुरनाच्या पोळ्या वाढल्या, त्यावर तुपाची धार धरली, कटाची आमटी वाढली, "घ्या हो, लाजू नका" म्हनून आग्रह केला. सगळ्यांचं झाल्यावर खरकटी ताटं मोरीवर नेऊन ठेवली. एका ताटात पोळीचा अर्धा तुकडा होता. मी त्याच्याकडं किती वेळ बघत उभी होते कुनास ठाऊक. खाल्ला न्हाई. पन बघितला, अन् ते बघनं आठवलं की आज बी कानशिलं तापतात.

ओटीतले तांदूळ मी घरी नेऊन शिजवले. तनुजा म्हनली, "माय, तू पण घे." मी म्हनलं, "माझा गुरुवार हाय." ती माझ्याकडं बघत राहिली, मग खाली मान घालून जेवली. थोडंच जेवली. "पोट भरलं," म्हनली.

तवापासून तिचं पोट लवकर भरू लागलं. सकाळी डबा देऊ लागले तर म्हनायची, "राहू दे, क्लासात मैत्रिणी आणतात, मी त्यांच्यात खाते." रातच्याला म्हनायची, "एवढी भाकर कशाला, जड होतं, वाचवत नाही मग." मी म्हनलं, बरं. डब्यातली भाकर दुसऱ्या दिवसाला व्हायची. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हनतात. एवढं खोटं बोलनारी मी, मला लेकीचं खोटं वळखू आलं न्हाई. का मीच वळखलं न्हाई, कारन त्यानं पीठ पुरत होतं? ह्याचं उत्तर मला कुनी विचारू नये.

फेब्रुवारीत एका मंगळवारी काकू धावत मागं आल्या. क्लासवाल्यांचा त्यांच्या फोनवर फोन आलेला. तनुजा टेस्ट लिहिता लिहिता बाकावरून खाली पडली होती. क्लासजवळच्या दवाखान्यात नेली होती. मी, काकू अन् नीलाबाई ऑटोत बसलो. मला चपला घालायचं सुधरलं न्हाई.

पोरगी कॉटवर निजली होती, हाताला सलाईन. तोंड पांढरंफटक. डॉक्टर तरुन होता, चिडका दिसत होता. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "हिनं सकाळी काय खाल्लं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत तनुजाच म्हनली, "उपवास आहे माझा."

"काल?"

"कालपण होता. सोमवार."

"आईचंच वळण हो," काकू कौतुकानं म्हनल्या. "ह्यांचे फार कडक उपवास असतात."

मग त्या डॉक्टरानं माझी अशी काही हजेरी घेतली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावू लागले. म्हनला, "वाढत्या वयाच्या पोरीला उपाशी ठेवता? अंगात रक्त नाही हिच्या. देव येणार आहे का पेपर लिहायला? तुमच्यासारख्या अडाणी बायांमुळं हुशार पोरी वाया जातात." मी मान हलवत होते. हो साहेब, चुकलं साहेब. अन् खरं सांगू का, तो बोलत होता तवा मला आतून हायसं वाटत होतं. अडानी म्हनून घ्यायला माझं काही जात नव्हतं. त्यानं 'गरीब' हा शब्द उच्चारला न्हाई एवढ्यावर मी खुश होते. लेक कॉटवर पडलेली अन् मी आपली झाकली मूठ सांभाळत उभी. थू माझ्या जिनगानीवर.

सलाईन संपता संपता काकू अन् नीलाबाई औषध आनायला गेल्या. मी कॉटच्या कडेला बसले. तनुजाचा हात हातात घेतला, तर मनगटाला माझी बोटं वेढा देऊन वर उरली.

"कवापासून गं?" मी हळू विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू कधीपासून?"

मी सलाईनच्या नळीकडं बघू लागले.

"मला पहिल्याच सोमवारी कळलं होतं, माय," ती म्हनली. "आपण महादेवाचं कधी केलंय? गावाकडं तू सोमवारी मटकीची उसळ खायचीस."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलायचीस का? काकू किती मानतात तुला. नीलामावशी पाया पडते. मी म्हटलं, असू दे. मी कमी खाल्लं की तुला एक दिवस तरी देव नसेल, त्या दिवशी तू जेवशील." ती रडत नव्हती. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरानं जाताना सांगितलं, घरी नेऊन आधी हिला जेवू घाला, मग गोळी. ऑटोतून उतरल्यावर काकू म्हनल्या, "खोलीत जाऊ नका, इकडंच या. स्वयंपाक झालेला आहे." आमच्या दोघींना त्यांनी आतल्या खोलीत टेबलाशी बसवलं. नीलाबाई बी आत आली.

"डॉक्टर काही म्हणोत, पोरीचा नेम एकदम मोडायला नको," काकू म्हनल्या. "भगर टाकते, दाण्याची आमटी करते. उपवासाचं चालेल ना, तनुजा?"

"नको काकू," तनुजा म्हनली. "माझा निरंकार आहे. रात्रीपर्यंत थांबते."

हे ती काकूंकडं बघून म्हनली न्हाई. माझ्याकडं बघून म्हनली. तिचे ओठ वाळून फुटलेले होते. तिथं टेबलावर झाकलेल्या पातेल्यातून वरनाचा वास येत होता अन् तिला तो येत होता हे मला तिच्या गळ्यावरून दिसत होतं. पोरगी भुकेनं पडली होती, सलाईनची सुई काढून अर्धा तास झाला न्हाई, अन् माझी इज्जत झाकायला पुन्हा उपाशी राहायला तयार होती. मी आता गप्प बसले असते तर ती खरंच जेवली नसती. परीक्षेपर्यंत असंच चाललं असतं. अन् एक दिवस मी ऑटोत बसून कुठं गेले असते?

"उपास न्हाई, काकू," मी म्हनलं.

"म्हणजे?"

"तिचा न्हाई. माझा बी न्हाई. कधीच नव्हता. घरात पीठ नसतं, म्हनून उपास."

भूकंपाच्या ट्रकपुढं सबंध गाव रांगेत होतं, लाज सगळ्यांत वाटून गेली होती. इथं मी एकटीच होते. अंगावरचं लुगडं कुनी ओढून घेतल्यासारखं वाटलं. मी खाली टेबलाकडं बघत राहिले.

काकू हातातली भगरीची वाटी घेऊन तशाच खुर्चीवर बसल्या. म्हनल्या, "त्या गुरुवारी मी तुम्हाला वाढायला लावलं."

"तुमाला काय ठाऊक," मी म्हनलं.

"मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले, साखराबाई. निष्ठा म्हणे." त्यांनाही माझ्याकडं बघवेना.

नीलाबाईला मात्र रागच आला. "अन् माझ्या ताटलीपायी हे?" ती म्हनली. "रिकामी दिली असती तर मी खाल्लं असतं का तुमाला? एवढी परकी धरली?" अन् पदर तोंडाला लावून ती मागच्या दारानं निघून गेली. ती रुसली होती का रडत होती, मला समजलं न्हाई.

काकू उठल्या. दोन ताटं घेतली. वरन, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, लोनचं. आमच्यापुढं ठेवली अन् स्वतः ओट्याकडं तोंड करून काहीतरी पुसत उभ्या राहिल्या, पुसायला तिथं काही नव्हतं. आमाला जेवताना कुनी बघू नये म्हनून.

तनुजानं ताटाला हात लावला न्हाई. तिचं तोंड लाल झालं होतं. "माय, चल घरी," ती माझ्या कानाशी म्हनली. "मी इथं न्हाई जेवनार." शिकलेली भाषा सोडून एकदम गावाकडल्या बोलीत म्हनली. तिची मान आखडली होती. ती आखडलेली मान माझीच होती, मी वळखली. मीच दिली होती तिला, पदरचं घालून.

मग मी पहिला घास घेतला. लेकीच्या देखत, काकूंच्या देखत, दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याचं अन्न. वरून पानी पिले अन् दुसरा घेतला. मग तिसरा. "लई दिवसांनी वरन खाल्लं," मी मोठ्यानं म्हनलं. "काकू, आनखी थोडं वाढा." माझा आवाज कसा निघाला ते मला ठाऊक हाय. पन निघाला.

काकूंनी वाढलं. तनुजा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं ताट जवळ ओढलं.

सुरुवातीला ती बारीक घास घेत होती, आमच्याकडं बघत. मग बघायचं तिनं सोडून दिलं. पोळी भाजीला नीट लावायचं बी तिला सुधरलं न्हाई. एक घास तोंडात अन् दुसरा हातात तयार. वरन बोटांवरून मनगटाकडं आलं ते तिनं चाटून घेतलं. काकू पोळी टाकत होत्या अन् ती संपत होती. डोळे ताटातनं वर येतच नव्हते. घरात माझ्यापुढं बसून अर्धी भाकर खाऊन "पोट भरलं" म्हननारी ती हीच पोरगी. अन् मी रोज तिच्यापुढं बसत होते.

तिला तसं खाताना बघून मला जी लाज वाटली ती अजून गेली न्हाई.

"हळू खा गं," मी म्हनलं.

तिनं मान हलवली, पन तिला हळू खाता आलं न्हाई.